शेवाळावर चालणं

बर्फ मी पाहिलाय तो फक्त मासळीच्या पेटीत,
इसवणाच्या पोटाखाली.
तुझ्या त्या तार्तूत म्हणे तो रस्त्यावरच पडून असतो,
मार्चपर्यंत.
त्यातलं मला काय कळणार?
पण चोडणच्या धक्क्यावरचं शेवाळ कळतं.
ओहोटीला उतार उघडा पडतो
आणि रोज एक तरी शहाणा खिशात हात घालून उतरतो.
तू पाऊल लहान टाक.
टाच आधी नको, अख्खा तळवा.
हात मोकळे, मोबाइल पिशवीत.
पडलीसच तर कुशीवर पड, हात टेकू नकोस.
वामन मास्तरांचं मनगट आठव.

यादी आईनं केलीय. तीन पानी, लाल रेघा मारलेली.
माझ्याकडे नुसते चिटोरे,
फेऱ्यांच्या मधे पास-बुकाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले.

अक्कलदाढ म्हापशात काढलीस, बरं केलंस.
कुंकळ्येकर डॉक्टर म्हणाला,
हीच तिथं दुखली असती तर विमानाच्या तिकिटात गेली असती.
सुजलेल्या गालानं तू व्हिसाचा फोटो काढायला निघालीस
तेव्हा मी हसलो. ते सोड.

पंप दोन घे. एक अंगावर, एक हातातल्या बॅगेत.
मोठ्या बॅगेत नको गो,
सामान मागून येतं, दमा वाट बघत नाही.
चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घे, कंपनीचं नव्हे.
गोळ्या त्यांच्याच पाकिटात राहू देत,
आई त्या लोणच्याच्या बरणीत भरायला निघालीय,
तिला मी सांगून पाहिलं.

लसीचं कार्ड वाळवीनं खाल्लं होतं.
आवेलिना सिस्टर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
तरी आली आपल्यासोबत,
केंद्रातलं जुनं रजिस्टर माळ्यावरून काढायला लावलं,
आणि तिचं बोट तुझ्या नावावर थांबलं:
गोवर, उजवा दंड, ‘मूल फार रडले’.
नव्या दाखल्यावर तारीख आली, शिक्का आला.
शेरा तेवढा राहिला.

काल जेवणानंतर तुझा फोन मी उशीखाली लपवला
आणि म्हटलं, आता सांग आमचा नंबर.
सहा आकड्यांपर्यंत आलीस. हसलीस.
मग हसणं थांबलं.
आज सकाळी भांडी घासताना पुटपुटत होतीस,
मी ऐकलं. बरोबर होता.
एकशे बारा मात्र पाठ करायची गरज नाही,
तिथंही तोच, इथंही तोच.

डिसेंबरात दुपारी साडेतीनला अंधार पडतो म्हणालीस,
जणू गंमतच.
समिधा, ऐक.
धुक्यात रायबंदरचा काठ दिसत नाही
तेव्हा आम्ही इंजिन हळू करतो आणि भोंगा देतो.
समोर कुणी नसलं तरी देतो.
खोलीतून बाहेर पडावंसं वाटेना, जेवण नकोसं झालं,
तर तेही दुखणंच, तापासारखं.
तिथं डॉक्टर असेल, शेजारची मुलगी असेल, तिला सांग.
मला सांग. तुझी मध्यरात्र म्हणजे माझे साडेतीन,
मी पहिल्या फेरीसाठी नाहीतरी उठतोच थोड्या वेळानं.

एवढं सगळं ऐकून घेतलंस
आणि केबिनच्या खुंटीवरचं माझं जाकीट काढलंस.
‘बाबा, याची शिट्टी वाजते?’
वाजते म्हणजे काय. बावीस वर्षं आहे ती.
फुंकली.
तोंडात माती आली.
कुंभारणीनं आत घर केलं होतं, कधी कोण जाणे.

तू ओढणीची पिन काढलीस,
दाराशी बसून कोरत राहिलीस,
पलीकडे दोन गाड्या, एक टेम्पो, माणसं खोळंबलेली.
मी म्हटलं, राहू दे, उशीर होतोय.
तू मान वर केली नाहीस.
‘थांबतील,’ म्हणालीस.